रूट कॅनालची आतून स्वच्छता : अल्ट्रासोनिक, सोनिक आणि लेसर साधने वापरण्याचा योग्य क्रम

दवाखान्यात अल्ट्रासोनिक टिप, सोनिक हँडपीस किंवा एर्बियम लेसर आले की एक चूक हमखास घडू लागते. फाइलिंग, म्हणजे बारीक फाइलने कॅनाल आतून घासून रुंद करणे, आटोपते घेतले जाते, शेवटी काही सेकंद नवे साधन चालवले जाते आणि कॅनाल निर्जंतुक झाला असे गृहीत धरले जाते. वास्तविक यांपैकी बहुतेक साधने स्वतः काहीच निर्जंतुक करत नाहीत. जीवाणू मारण्याचे आणि मृत ऊती विरघळवण्याचे काम द्रावण करते, आणि साधन ते द्रावण फाइल पोहोचत नाही अशा जागी पोहोचवते. सूक्ष्म सीटी तपासण्यांत असे दिसून आले आहे, की रोटरी फाइलने तयार केलेल्या कॅनालच्या भिंतीचा सुमारे ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग फाइलच्या स्पर्शाविनाच राहतो. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळातील दोन कॅनालांना जोडणारी चिंचोळी फट आणि मुळाच्या टोकाजवळच्या बारीक शाखा या त्याच अस्पर्श भागात मोडतात. तेथे द्रावण पोहोचावे म्हणून जागा, ताजे द्रावण, योग्य खोली आणि पुरेसा वेळ या चार गोष्टी साधन हातात घेण्याआधीच जुळून आलेल्या असाव्या लागतात. हा लेख दंतवैद्यक शिकणाऱ्या आणि नव्याने व्यवसाय करणाऱ्यांसाठी त्या क्रमाने लिहिला आहे.

टप्पा १ : दात वेगळा करणे आणि द्रावणासाठी हौद तयार करणे

रबर डॅमशिवाय (दाताभोवती ताणून बसवलेला रबरी पडदा) हायपोक्लोराइट, म्हणजे जीवाणू मारणारे आणि ऊती विरघळवणारे मुख्य द्रावण, वापरू नये, आणि अ‍ॅक्टिव्हेशन, म्हणजे साधनाने द्रावणाला आत चालना देणे, तर मुळीच करू नये. अल्ट्रासोनिक किंवा लेसर चालू असताना द्रावणाचे तुषार उडतात. त्यामुळे क्लॅम्पभोवतीच्या फटी द्रव डॅमने बुजवाव्यात आणि रुग्ण, साहाय्यक व डॉक्टर या तिघांच्याही डोळ्यांवर चष्मे असावेत.

किडलेल्या दाताची एखादी भिंत तुटलेली असेल, तर ती कॅनाल उघडण्यापूर्वी काँपोझिटने बांधून घ्यावी. हे काम वेळखाऊ वाटते म्हणून सर्रास टाळले जाते, पण पुढच्या साऱ्या टप्प्यांचा आधार तेच आहे. चार भिंती शाबूत असतील तरच पल्प चेंबर (कॅनालांच्या वरची दातातली पोकळी) द्रावणाने भरलेला राहतो. एक भिंत नसेल तर द्रावण बाहेर ओघळते, आणि टिप अर्ध्या रिकाम्या कॅनालमध्ये थरथरत राहते. लेसरच्या ज्या पद्धतीत टिप चेंबरमध्येच धरायची असते, तिला भरलेल्या चेंबरशिवाय काहीच अर्थ नाही.

सिरिंज लुअर-लॉक, म्हणजे सुई फिरवून पक्की बसणारी, असावी. नुसती खोचून बसवलेली सुई दाबाने सुटते आणि हायपोक्लोराइट थेट चेहऱ्यावर उडू शकते. हायपोक्लोराइट, ईडीटीए (भिंतीवरचा खनिजांचा थर काढणारे द्रावण) आणि सलाइन या तिन्हींच्या सिरिंजवर ठळक चिठ्ठ्या लावाव्यात, कारण तिन्ही द्रावणे रंगहीन किंवा जवळपास रंगहीन असतात आणि भरलेल्या सिरिंज ट्रेमध्ये ओळखता येत नाहीत.

हायपोक्लोराइट २.५ ते ५.२५ टक्के तीव्रतेचे, दंतोपचारासाठीच बनवलेले आणि मुदतीतले असावे. उजेड, उष्णता आणि हवा यांमुळे त्यातील क्लोरीन कमी होत जाते. म्हणून बाटली गडद रंगाची, घट्ट बंद आणि थंड जागी ठेवावी, आणि सिरिंज कामापुरतीच भरावी.

पडताळणी : चेंबर हायपोक्लोराइटने काठोकाठ भरून एक मिनिट थांबावे आणि पातळी खाली जाते का ते पाहावे. याच वेळी लूप किंवा मायक्रोस्कोपखाली चेंबरचा तळ निरखावा. एखाद्या खाचेतून बारीक बुडबुड्यांची सर वर येत असेल, तर तेथे ऊती विरघळत आहेत, म्हणजे बहुधा न सापडलेला कॅनाल आहे. वरच्या पहिल्या दाढेतील दुसरा मेसिओबकल कॅनाल अनेकदा असाच सापडतो. सुटून गेलेल्या कॅनालची स्वच्छता कोणत्याही साधनाने होत नाही.

टप्पा २ : साधनाआधी धोका तपासणे

उघडे किंवा अपुरे वाढलेले टोक, मुळाची झीज, छिद्र पडलेले मूळ, मुळाला गेलेला तडा, तसेच मॅक्सिलरी सायनस किंवा खालच्या जबड्यातील नसेच्या अगदी जवळ आलेले टोक या बाबी एक्स-रेवर, आणि शंका असल्यास सीबीसीटीवर (त्रिमितीय एक्स-रे), आधीच पाहून घ्याव्यात. अशा दातांत द्रावण टोकाबाहेर जाण्याची शक्यता मोठी असते. तेथे तीव्रता कमी ठेवावी, सुई अधिक वर धरावी आणि अ‍ॅक्टिव्हेशन सौम्य करावे किंवा निगेटिव्ह प्रेशरची, म्हणजे द्रावण आत ढकलण्याऐवजी ओढून घेण्याची, पद्धत निवडावी. अपरिपक्व दातात पुनर्जीवी उपचार करताना हायपोक्लोराइट सुमारे १.५ टक्केच वापरले जाते, हे लक्षात ठेवावे.

टप्पा ३ : लांबी आणि आकार

वर्किंग लेंथ, म्हणजे कॅनालमध्ये काम करायची लांबी, एपेक्स लोकेटरने (मुळाचे टोक शोधणारे यंत्र) घ्यावी आणि एक्स-रेने पडताळावी. वक्र कॅनालमध्ये फाइलिंग होत जाते तशी लांबी थोडी कमी होते, म्हणून शेवटच्या धुण्यापूर्वी ती पुन्हा मोजावी. हे न केल्यास ‘टोकापासून २ मिलिमीटर वर’ असे समजून धरलेली टिप प्रत्यक्षात १ मिलिमीटरवर असू शकते.

आकाराचा हिशेब मात्र बहुतेक जण करतच नाहीत, आणि खरी गफलत तेथेच होते. ३० गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास सुमारे ०.३१ मिलिमीटर असतो. फाइलचा नंबर म्हणजे टोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत, आणि ४ टक्के टेपर म्हणजे दर मिलिमीटरला व्यासात ०.०४ मिलिमीटरची वाढ. कॅनाल २० नंबर, ४ टक्के टेपरपर्यंत तयार केला असेल, तर टोकापासून २ मिलिमीटर वर त्याचा व्यास ०.२८ मिलिमीटर भरतो. याचा अर्थ सुई तेथे जातच नाही. २५ नंबर, ४ टक्के टेपरला तोच व्यास ०.३३ मिलिमीटर होतो. सुई कशीबशी जाते, पण द्रावणाला परत वर यायला वाट उरत नाही आणि दाब टोकाकडे जातो. ३० नंबर, ४ टक्के टेपरला ०.३८ मिलिमीटर मिळतात आणि सुई सैल राहते. म्हणून मुळाची जाडी व वक्रता परवानगी देत असेल, तर टोकाचा आकार किमान ३० ते ३५ नंबरपर्यंत न्यावा. २७ गेजच्या सुईचा व्यास सुमारे ०.४१ मिलिमीटर असल्याने ३० नंबर, ४ टक्के टेपरच्या कॅनालमध्येही ती टोकापासून जवळपास ३ मिलिमीटर वरच अडकते, आणि टोकाजवळच्या भागात द्रावण नीट पोहोचत नाही.

अतिशय वक्र आणि बारीक मुळात २५ नंबरच्या पुढे जाणे धोक्याचे असेल, तर जाऊ नये. तेथे मूळ वाचवणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि अ‍ॅक्टिव्हेशनची खरी गरजही अशाच कॅनालला असते. परंतु सरळ, जाड मुळाच्या दातात निव्वळ घाईपोटी २० नंबरवर थांबून ‘बाकीचे लेसर करील’ असे म्हणणे समर्थनीय नाही.

टप्पा ४ : फाइलिंग चालू असतानाचे धुणे

प्रत्येक फाइलनंतर प्रत्येक कॅनालमध्ये सुमारे २ मिलिलिटर हायपोक्लोराइट सोडावे. ३० नंबर, ४ टक्के टेपरच्या दाढेच्या कॅनालमध्ये एका वेळी मावणारे द्रावण एका थेंबाच्याही लहानशा अंशाइतके असते. ऊती आणि जीवाणू यांच्याशी संयोग होताच त्यातील क्लोरीन खर्ची पडते. त्यामुळे आत साचून राहिलेले जुने द्रावण लवकरच निष्प्रभ होते, आणि वारंवार बदल हाच त्यावर उपाय आहे.

सुई बाजूला छिद्र असलेली, टोक बंद असलेली घ्यावी. वर्किंग लेंथपेक्षा १ ते २ मिलिमीटर कमी अंतरावर रबर स्टॉपर लावावा आणि सुई सतत खालीवर हलती ठेवावी. दाब तर्जनीने द्यावा, अंगठ्याने नव्हे, कारण अंगठ्याचा जोर कळत नाही. १ मिलिलिटर द्रावण साधारण १५ सेकंदांत जाईल इतकाच वेग असावा. अशा सुईतून निघालेले द्रावण तिच्या टोकापुढे जेमतेम १ मिलिमीटर पोहोचते, म्हणून सुई ६ मिलिमीटर वर धरून कितीही बाटल्या रिकाम्या केल्या तरी मुळाचे टोक धुतले जात नाही.

इशारा : सुई अडकल्यासारखी वाटली तर दाबू नये. १ मिलिमीटर मागे घ्यावी, मोकळी असल्याची खात्री करावी आणि मगच द्रावण सोडावे.

प्रत्येक धुण्यानंतर १० नंबरची फाइल टोकापर्यंत हलकेच फिरवावी. तळाशी साचलेला भुगा सुटतो आणि कॅनाल बुजत नाही. भुगा एकदा घट्ट बसला की अल्ट्रासोनिकही त्याला हलवू शकत नाही.

टप्पा ५ : शेवटच्या धुण्यातील द्रावणांचा क्रम

आकार पूर्ण झाल्यावरच शेवटचे धुणे सुरू होते. प्रथम हायपोक्लोराइट, त्यानंतर १७ टक्के ईडीटीए आणि मग पुन्हा थोडा वेळ हायपोक्लोराइट, असा क्रम ठेवावा. फाइलिंगमुळे भिंतीवर लिंपला गेलेला स्मिअर लेअर अंशतः खनिजांचा असतो, आणि तो हायपोक्लोराइटने निघत नाही. ईडीटीए तो काढतो, पण ऊती विरघळवत नाही. म्हणून एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

ईडीटीए प्रत्येक कॅनालमध्ये सुमारे १ मिनिट पुरते. १० मिनिटे ठेवल्यास भिंतीचे डेंटिन खरवडल्यासारखे झिजते. त्यानंतरचे हायपोक्लोराइटही थोडक्यात आटोपावे, कारण खनिज निघून गेलेल्या डेंटिनवर ते दीर्घकाळ राहिल्यास झीज वाढते.

या टप्प्यावर तीन मिश्रणे कटाक्षाने टाळावीत. हायपोक्लोराइट आणि ईडीटीए एकत्र आल्यास मोकळे क्लोरीन झपाट्याने संपते, म्हणून मधे आधीचे द्रावण सक्शनने ओढून घ्यावे. हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्सिडिन एकत्र आल्यास नारिंगी-तपकिरी गाळ तयार होतो, जो डेंटिनच्या नलिका बुजवतो आणि दाताला डाग पाडतो. क्लोरहेक्सिडिन आणि ईडीटीए यांच्यातूनही पांढरा गाळ निघतो. माझ्या मते पहिल्यांदाच होणाऱ्या उपचारात क्लोरहेक्सिडिनची गरज फारशी पडत नाही, कारण ते ऊती विरघळवत नाही. वापरायचेच असेल तर आधी भरपूर सलाइनने धुऊन कॅनाल कोरडा करावा.

टप्पा ६ : अ‍ॅक्टिव्हेशन

बंद टोकाच्या कॅनालमध्ये तळाशी हवेचा बुडबुडा अडकून राहतो. अरुंद तोंडाची बाटली एकदम नळाखाली धरली की पाणी आत शिरत नाही, तसाच हा प्रकार आहे. द्रावण वरून कितीही ओतले तरी हा बुडबुडा आपोआप हटत नाही. त्याला फोडणे आणि द्रावण आडव्या फटींत ढकलणे हे अ‍ॅक्टिव्हेशनचे काम आहे.

अल्ट्रासोनिक

एकच साधन घेणे शक्य असेल, तर मी अल्ट्रासोनिक टिप सुचवीन. तिचा अभ्यास दीर्घकाळ झालेला आहे आणि ती बहुतेक अल्ट्रासोनिक यंत्रांवर बसते. ही टिप साधारण २५ ते ३० किलोहर्ट्झने थरथरते. १५ ते २५ नंबरची, न कापणारी तार निवडावी आणि वर्किंग लेंथपेक्षा २ मिलिमीटर कमी अंतरावर खूण करावी. कॅनाल वक्र असेल तर तारेला आधीच तसा बाक द्यावा.

कॅनाल व चेंबर द्रावणाने भरावेत, तार आत योग्य खोलीवर न्यावी आणि त्यानंतरच यंत्र सुरू करावे. कोरड्या हवेत सुरू केलेली तार तुटण्याचा धोका असतो. शक्ती उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच ठेवावी. २० सेकंद चालवावे, थांबावे, द्रावण बदलावे, आणि असे तीन वेळा करावे. सलग एक मिनिट चालवणे आणि तीनदा २० सेकंद चालवणे यांत घड्याळाचा हिशेब सारखा असला, तरी दुसऱ्या पद्धतीत तीनदा ताजे क्लोरीन मिळते. हायपोक्लोराइट आणि ईडीटीए दोन्हींसाठी अ‍ॅक्टिव्हेशन करावे.

तार भिंतीला टेकली की तिची थरथर मंदावते, द्रावणातील प्रवाह थांबतो आणि वक्र भागात भिंतीवर खाच पडू शकते. त्यामुळे तार मोकळी, कॅनालच्या मध्यावर असावी आणि लहान, संथ खालीवर हालचालीत राहावी. मुद्दाम भिंत घासण्याची सवय लागली असेल, तर ती मोडावी.

पडताळणी : पहिल्या फेरीत चेंबरमध्ये वर येणारे द्रावण गढूळ, दुधाळ दिसते आणि त्यात भुग्याचे कण तरंगतात. तिसऱ्या फेरीत ते स्वच्छ दिसायला हवे. अजूनही गढूळ असेल तर चौथी फेरी घ्यावी. काहीच गढूळपणा आला नाही, तर समाधान मानण्याआधी तार खरोखर खोलवर गेली आहे का, हे तपासावे.

सोनिक

सोनिक साधनांची कंपने पुष्कळ कमी वेगाची असतात. काही यंत्रे मिनिटाला १०,००० आवर्तनांपर्यंत चालतात, तर हवेवर चालणाऱ्या काही टिप सुमारे ६,००० हर्ट्झपर्यंत जातात. पॉलिमरच्या मऊ टिपमुळे भिंत कापली जात नाही आणि नवशिक्याच्या हातीही त्या सुरक्षित राहतात. परंतु कॅनालमध्ये घट्ट बसणारी टिप निवडली, तर ती हलतच नाही. टिप वर्किंग लेंथपेक्षा २ मिलिमीटर वर सैल जाते का, ते आधी कोरड्या स्थितीत पाहावे.

तापमानाने आकार बदलणारी फाइल

निकेल-टायटॅनियमची ही टेपर नसलेली २५ नंबरची फाइल थंड असताना सरळ असते आणि शरीराच्या तापमानाला चमच्यासारखा बाक घेते. लांबी ती सरळ असतानाच लावावी आणि बाक येण्याआधी कॅनालमध्ये घालावी. सुमारे ८०० ते १,००० आरपीएमवर, लांब व संथ हालचालींनी साधारण एक मिनिट ती चालवावी. लांबट, अंडाकृती कॅनालमध्ये ती विशेष उपयोगी पडते. कॅनाल किमान २५ नंबरपर्यंत तयार नसेल, तर ती वापरू नये.

निगेटिव्ह प्रेशर

यात द्रावण चेंबरमध्ये सोडले जाते आणि वर्किंग लेंथपर्यंत नेलेल्या बारीक नळीतून ओढून घेतले जाते. त्यामुळे द्रावण टोकाबाहेर जाण्याची शक्यता अत्यल्प राहते. सायनसजवळच्या मुळांसाठी मला ही पद्धत सर्वांत निश्चिंत वाटते. नळीचा व्यास ०.३२ मिलिमीटर असल्याने टोक सुमारे ३५ नंबर हवे. तिची सूक्ष्म छिद्रे भुग्याने लगेच बुजतात, म्हणून आधी मोठ्या नळीने खरबरीत कण काढावेत आणि बारीक नळीतून द्रावण वर येताना दिसते आहे ना, यावर नजर ठेवावी.

लेसर

लेसर या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामे येतात. एर्बियम-याग लेसरची २,९४० नॅनोमीटरची लहर पाण्यात तीव्रतेने शोषली जाते. प्रत्येक स्पंदासरशी वाफेचा बुडबुडा फुगतो आणि कोसळतो, आणि त्याच्या धक्क्याने द्रावण संपूर्ण कॅनाल-जाळ्यात फिरते. या पद्धतीत २० मिलिज्यूल, १५ हर्ट्झ आणि ५० मायक्रोसेकंद अशा कमी ऊर्जेच्या मांडणीने टिप चेंबरमध्येच स्थिर धरली जाते. साहाय्यकाने सतत द्रावण घालत राहावे आणि सक्शन थोडे दूर धरावे. सक्शन जवळ आले की चेंबर रिकामा होतो, आणि लेसर नुसत्या हवेत चालत राहतो.

डायोड लेसर, म्हणजे साधारण ८१० ते ९८० नॅनोमीटर, द्रावणाला अशी चालना देत नाही. तो मुख्यतः उष्णतेने जीवाणू मारतो. त्याचा तंतू कॅनालच्या आत न्यावा लागतो आणि गोल फिरवत सतत वर ओढावा लागतो. एका जागी थांबल्यास मुळाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान वाढते, आणि ही वाढ १० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास भोवतालच्या हाडाला इजा होऊ शकते. म्हणून डायोडला धुण्याचा पर्याय समजू नये. संरक्षक चष्मे त्या-त्या लहरीचेच हवेत, एका लेसरचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही.

प्रकाश आणि रंगद्रव्य वापरून होणारे निर्जंतुकीकरण हेही पूरकच आहे. मिथिलीन ब्लूसारखा रंग घालण्यापूर्वी हायपोक्लोराइट पूर्ण धुऊन काढावे, अन्यथा ते रंगच फिका करून टाकते.

टप्पा ७ : हायपोक्लोराइट टोकाबाहेर गेल्यास

अचानक तीव्र वेदना, काही मिनिटांत वाढणारी सूज आणि कॅनालमधून भळभळ रक्त येणे ही लक्षणे आहेत. भूल दिलेली असल्यास वेदना जाणवणारच नाहीत, तेव्हा रक्तावर लक्ष ठेवावे. अशा वेळी धुणे तत्काळ थांबवावे, कॅनालमधील द्रावण ओढून घ्यावे आणि दाब न देता सलाइन सोडावे. रुग्णाला काय घडले ते शांतपणे, स्पष्ट सांगावे. पहिल्या दिवशी थंड शेक, त्यानंतर कोमट शेक, वेदनाशामक आणि रोज पाहणी ठेवावी. संसर्गाची शक्यता असेल तरच प्रतिजैविक द्यावे. श्वास घेणे किंवा गिळणे कठीण झाले, डोळ्याची तक्रार आली किंवा सूज झपाट्याने पसरली, तर रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

टप्पा ८ : कोरडे करणे आणि भरण्याचा निर्णय

शेवटी सलाइनने किंवा निर्जंतुक पाण्याने धुवावे. हायपोक्लोराइटचा अंश राहिल्यास रेझिनचे चिकटणे कमजोर होते. बारीक सक्शन नळीने बहुतेक द्रव ओढून घेऊन वर्किंग लेंथइतक्या पेपर पॉइंटने कॅनाल टिपावा. कॅल्शियम सिलिकेटचा सीलर वापरायचा असेल तर भिंत ठणठणीत कोरडी करू नये, कारण त्याला घट्ट होण्यासाठी ओलावा लागतो.

पडताळणी : शेवटचा पेपर पॉइंट बाहेर काढून निरखावा. टोकाला रक्त असेल तर लांबी पुन्हा मोजावी. पिवळसर द्रव किंवा पू येतच असेल तर त्या बैठकीत भरू नये, कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवून दात नीट बंद करावा. पुढच्या बैठकीत ते औषध नुसत्या सुईने पूर्ण निघत नाही, म्हणून टप्पा ६ मधील अ‍ॅक्टिव्हेशन तेव्हाही करावे.

द्रावणाची तीव्रता, टोकाचा नंबर, वापरलेले साधन आणि अ‍ॅक्टिव्हेशनच्या फेऱ्या यांची नोंद त्याच दिवशी केसपेपरवर करावी. पाहणीचा एक्स-रे एक वर्षाने काढावा, आणि काळसर भाग भरून आलेला नसल्यास चार वर्षांपर्यंत पाहणी चालू ठेवावी. पुन्हा उपचार करण्याची वेळ आलीच, तर कोणता टप्पा अपुरा राहिला असावा याचा शोध त्या नोंदीपासून घेता येतो.